ती ऐकताना दुसरीकडे बघायची

शॅडो टीचर म्हणजे काय, हे पुण्यातल्या माझ्या सासूबाईंना फोनवर समजावताना माझी चांगलीच दमछाक झाली होती.

“म्हणजे आया का गं?” त्यांनी विचारलं.

“नाही हो आई. वर्गात एका मुलीच्या शेजारी बसायचं. तिचं लक्ष लागत नाही, तर तिला मदत करायची.”

“मग वर्गातली बाई काय करते?”

“ती बाकीच्यांना शिकवते.”

त्या म्हणाल्या, “आमच्या वेळी एक बाई साठ पोरांना पुरायची.” खरं सांगायचं तर त्या वेळी हे काम मलाही नीट कळलेलं नव्हतं.

नवऱ्याला दुबईजवळच्या रास अल खैमातल्या एका सिरॅमिकच्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि आम्ही दोघं इथे आलो. पुण्यात मी शाळेत शिकवत होते. इथे पर्मनंट जागा मिळेना. तेवढ्यात बिल्डिंगमधल्या बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, की एका भारतीय शाळेत चौथीतल्या मुलीसाठी शॅडो टीचर हवी आहे, मराठी येत असेल तर फारच बरं. शाळेने पालकांना स्पष्ट सांगितलं होतं, की मुलीबरोबर कुणी बसणार असेल तरच तिला या वर्गात ठेवता येईल. नेमणूक पालकांची, जागा शाळेची, असा हा प्रकार.

मुलीचे वडील रत्नागिरीकडचे. खोर फक्कानच्या बंदरावर त्यांचं क्लिअरिंगचं काम होतं, जहाजातून आलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा. आठवडाभर ते तिकडे राहायचे आणि शुक्रवारी दुपारी घरी यायचे. घरी मुलगी आणि तिची अम्मी, दोघीच. मुलीची अम्मी पहिल्या भेटीतच मला ताई म्हणाली आणि मी तिला भाभी म्हणू लागले. शाळेच्या गेटवर सगळ्या आया इंग्रजीत नाही तर हिंदीत बोलायच्या. माझं मराठी ऐकून ती एकदम मोकळी झाली.

“ताई, पोरगी वाईट नाय हो,” ती म्हणाली. “फक्त हिचं मन एका जागी बसत नाय.”

पहिल्या दिवशी मी त्या मुलीच्या बाकावर जाऊन बसले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही एवढ्या मोठ्या आहात, मग चौथीत का बसता?” ती बोलायची इंग्रजीतच, तिथल्या सगळ्या मुलांसारखी. मी मराठीत काही विचारलं तर समजायचं सगळं, पण उत्तर इंग्रजीत. मी इथे तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे.

मी म्हटलं, “तुझ्याबरोबर बसायला आले आहे.”

“बरं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

बाहेर दुसऱ्या इमारतीचे एसी होते. त्यातल्या एकातून पाणी ठिबकत होतं आणि एक कबुतर मान वाकडी करून ते थेंब पीत होतं. फळ्यासमोर मिस झाडाच्या मुळांबद्दल शिकवत होत्या. मी हळूच तिच्या वहीवर बोट टेकवलं. तिने वहीकडे पाहिलं, पुन्हा कबुतराकडे पाहिलं. मिसनी नेमकं तिलाच उठवलं आणि विचारलं, “मी आत्ता काय सांगत होते?”

“कबुतर,” ती म्हणाली.

वर्ग हसला. तीही हसली, कारण सगळे हसत होते.

मधल्या सुट्टीत डबा खाता खाता तिने मला विचारलं, “मुळं पाणी वर नेतात, बरोबर? पण मग त्यांचा पंप कुठे असतो? आमच्या बिल्डिंगला तर पंप आहे.” मी खाता खाता थांबले. म्हणजे हिने सगळं ऐकलं होतं. नुसतं ऐकलं नव्हतं, त्याच्या पुढे गेली होती. मिसना हे कळायला काही मार्गच नव्हता, कारण त्यांनी प्रश्न विचारला त्या क्षणी ती कबुतराजवळ होती.

असंच चालायचं. गणित तोंडी विचारलं तर उत्तर तयार. तेच गणित पायऱ्या मांडून सोडवायचं म्हटलं की तिसऱ्या ओळीत आकडा हरवायचा. परीक्षेचा पेपर उलटायचा असतो हेच लक्षात यायचं नाही. पुढची बाजू पूर्ण बरोबर आणि मागची कोरी. “मागेपण होतं?” असं ती इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारायची, की रागावणं जमत नसे. वस्तू तर रोज हरवायच्या: पाण्याची बाटली, डबा, स्वेटर, एकदा तर पीटीच्या मैदानावर एक बूट. स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल एकच शब्द होता, ‘स्लो’. मिस काही दुष्ट नव्हत्या. त्यांच्यासमोर तीसपेक्षा जास्त मुलं होती आणि हातात कोरी पानं येत होती.

मी माझ्या परीने छोट्या गोष्टी करून पाहिल्या. पेपर आला की पहिल्यांदा तो उलटायचा. एका वेळी एकच गणित दाखवायचं, बाकीची कागदाने झाकायची. काही जमायचं, काही चार दिवसांत बारगळायचं. पण एक मला दिसत होतं, की माझ्या शेजारी बसलेली मुलगी मंद नाही. मी हे शाळेच्या स्पेशल एज्युकेटरना सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांनाही तसंच वाटतं, आणि त्यांनी पालकांना दुबईत एका सायकॉलॉजिस्टकडे असेसमेंट करून घ्यायला सांगितलं. असेसमेंटची फी ऐकून मी मनातल्या मनात तिचे रुपये केले, तर आकडा फारच मोठा निघाला. पण तिच्या अब्बांनी कुरकुर न करता रजा काढली आणि तिला घेऊन गेले.

रिपोर्ट आला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, मुलीची बुद्धी तिच्या वयाच्या मुलांपेक्षा बरीच वरची आहे. दोन, तिला अटेन्शन डेफिसिट आहे; लक्ष टिकवणं, कामं क्रमाने लावणं, वस्तू सांभाळणं, हे तिला खरोखरच जड जातं, ते ती मुद्दाम करत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच रिपोर्टमध्ये होत्या, पण वाचणाऱ्यांनी पहिलीच वाचली.

तिचे अब्बा मला शाळेत भेटले ते पेढ्यांचा बॉक्स घेऊनच. चेहरा इतका उजळलेला, की मलाही आनंद झाला. “मॅडम, बघितलंत? एवढा आयक्यू! मी म्हणत होतो ना, पोरीत काही कमी नाही. आता शॅडोची गरज नाही, खलास. हुशार आहे ती. आता फक्त तिने मनावर घेतलं पाहिजे.”

मी रिपोर्टच्या दुसऱ्या भागाचा विषय काढायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, “ते डॉक्टर लोक काहीतरी लिहितातच हो.” माझे आभार मानले, अगदी मनापासून मानले, आणि माझं काम संपलं.

शाळेतही तेच झालं. आधी मिस म्हणायच्या, तिला जमत नाही. आता म्हणायला लागल्या, तिला जमतं, पण ती करत नाही. सहा महिने ती मंद होती, रिपोर्ट आल्यावर ती आळशी झाली. मुलगी तीच होती.

मला त्याच शाळेत केजीतल्या एका मुलीचं काम मिळालं. त्यामुळे ही मला कधी कधी कॉरिडॉरमध्ये दिसायची. पहिले काही दिवस धावत येऊन बिलगायची. मग हळूहळू लांबूनच हात करायला लागली. मग तेही थांबलं. रांगेत सरळ, पुढच्या मुलीच्या पाठीवर नजर रोखून चालायची. स्टाफरूममध्ये मिस म्हणाल्या, “बघा, मनावर घेतल्यावर सुधारली की नाही? आता कशी माझ्याकडे बघत बसते. एकदाही खिडकीकडे बघत नाही.”

मला बरं वाटायला हवं होतं. पण ती ज्या प्रकारे चालत होती, ते पाहून मला कुणीतरी डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चाललंय असं वाटायचं.

एक दिवस भाभीचा फोन आला. “ताई, घरी याल काय जरा? शाळेतून तक्रार नाय, सगळे खूश आहेत. पण पोरगी गप झालीय. घरात बोलत नाय. आधी डोकं खायची माझं, हे असं का, ते तसं का. आता विचारतच नाय काही. आणि पापण्यांचे केस उपटते.”

मी दुसऱ्याच दिवशी दुपारी गेले. भाभी स्वयंपाकघरात कोळंबी साफ करत होती. मला तिने घावणं आणि चहा दिला आणि मुलीला माझ्यासमोर बसवलं. मुलगी बसली. हात मांडीवर, पाठ ताठ, डोळे माझ्या चेहऱ्यावर. डाव्या डोळ्याच्या पापणीत एक छोटी फट दिसत होती.

मी तिला केजीतल्या माझ्या विद्यार्थिनीची एक गंमत सांगितली. ती एकटक माझ्याकडे बघत होती. सांगून झाल्यावर मी म्हटलं, “मग तिने काय केलं असेल, सांग?”

“सॉरी मिस,” ती म्हणाली. “मी नीट बघत होते.”

“बघत होतीस हे मला दिसलं. ऐकलंस का?”

तिचा हात पापणीकडे गेला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मी बघते तेव्हा मला ऐकू येत नाही. मी मिसच्या तोंडाकडे बघते. बघत राहा, बघत राहा, असं डोक्यात म्हणत राहते. मग त्या काय बोलल्या ते जातं. पण त्या रागवत नाहीत आता.”

“आणि घरी प्रश्न का विचारत नाहीस?”

“घरी आल्यावर मी दमलेली असते.”

स्वयंपाकघरातल्या नळाचा आवाज बंद झाला होता. भाभी ओल्या हातांनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, “शनिवारी आम्ही खोर फक्कानला जातोय, हिचे अब्बा नेणार आहेत. तुम्ही चला. माझं सांगणं त्यांना आईचं रडगाणं वाटतं. तुम्ही बोला.”

नवऱ्याची शनिवारी शिफ्ट होती, मला घरी काही काम नव्हतं. मी गेले. मागच्या सीटवर मी आणि मुलगी, पुढे ते दोघं. वाटेतले हजरचे डोंगर सुरू झाले तरी विषय कुणीच काढला नाही. मी शब्द जुळवत होते. शेवटी भाभीच मागे वळली आणि मुलीला म्हणाली, “मिसना काय सांगितलंस ते अब्बांना सांग.”

तिने सांगितलं. जवळजवळ त्याच शब्दांत.

अब्बा गाडी चालवत राहिले. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला करकची, म्हणजे इथल्या कडक दुधाच्या चहाची, टपरी आली, तिथे त्यांनी गाडी थांबवली. पोरगा गाडीपाशी चहाचे कप देऊन गेला. आम्ही उतरून बाहेरच्या खुर्च्यांवर बसलो. हिवाळा होता, हवा छान होती. त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि मुलीला विचारलं, “मग तू ऐकतेस कधी?”

“चित्र काढते तेव्हा. किंवा काहीतरी करत असते तेव्हा.”

“आत्ता काढ.”

मी पर्समधून पेन दिलं. तिने टेबलावरचा टिश्यू पेपर ओढला आणि समोरचा डोंगर काढायला लागली. तिचे अब्बा बोलायला लागले. ते खोर फक्कानला नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. एका एजंटच्या ऑफिसात ते हरकाम्या होते. भर उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याचा द्राक्षांचा कंटेनर आला आणि वाटेत त्याची थंड करायची मशीन बंद पडली होती. दार उघडलं तर आत सगळा रस आणि वास. ऑफिसातलं कुणी पुढे होईना. हेच त्याच्याजवळ थांबले. पुढे त्या म्हाताऱ्यानेच त्यांना आपल्याकडे कामाला ठेवलं आणि त्यातून त्यांचा धंदा उभा राहिला. ते रंगून सांगत होते. मुलगी मान वर करत नव्हती. टिश्यू फाटला तर तिने दुसरा घेतला. मधूनच त्यांचा आवाज चढायचा, ‘ऐकतेयस ना’ असं विचारायला तोंड उघडायचं, पण भाभी त्यांच्याकडे बघायची आणि ते पुढे जायचे.

“आता सांग,” ते म्हणाले.

तिने पेन चालू ठेवूनच सांगितलं. कंटेनर निळा होता. दाराखालून रस गळत होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. म्हातारा आधी हसला आणि मग रडला. अब्बा त्याच्यासाठी लबनची, म्हणजे ताकाची, बाटली आणायला चालत गेले, कारण ऑफिसची गाडी मिळाली नाही. परत येईपर्यंत लबन गरम झालं होतं, तरी तो प्यायला.

“आणि मग?”

“मग काय? प्यायला.”

“अगं, मग त्याने मला कामाला ठेवलं! तोच तर मुद्दा आहे!”

“हो? ते मी ऐकलं नाही,” ती म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. तिचे अब्बा सगळ्यात जोरात हसले. आणि मग तिने बऱ्याच दिवसांनी एक प्रश्न विचारला. “अब्बा, तो रडला तेव्हा तुम्ही घाबरलात का?”

ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. “हो,” ते म्हणाले. “खूप. एवढा मोठा माणूस रडताना मी कधी बघितला नव्हता.” आणि भाभीकडे वळून म्हणाले, “मी कितीदा सांगितली ही गोष्ट. हे कुणी विचारलं नव्हतं.”

खोर फक्कानला पोचल्यावर मुलगी आणि भाभी पाण्याकडे गेल्या. आम्ही दोघं मागे बाकावर बसलो. समोर बंदराच्या क्रेन दिसत होत्या. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. “माझा धाकटा भाऊ आहे, गावाला. लहानपणी असाच होता. बंद पडलेला रेडिओ उघडून सुरू करायचा, पण शाळेत मार खायचा. लोक येडा म्हणायला लागले. एकदा म्हणाले ते कायमचं चिकटलं. पाचवीत शाळा सुटली, आता घरीच असतो, कुणाशी बोलत नाही. मॅडम, डॉक्टरने एखादं नाव दिलं की हिलापण लोक तेच म्हणतील, अशी धास्ती होती मला. आकडा चांगला आला, मला वाटलं, सुटलो.”

मी म्हटलं, “भाई, अक्कल वेगळी आणि लक्ष वेगळं. एक भरपूर आहे म्हणून दुसरं आपोआप येत नाही. ती हुशार आहे म्हणूनच इतके दिवस निभावून नेलं तिने. आणि आता ती सगळी हुशारी लक्ष आहे असं दाखवण्यात खर्च करते आहे.”

“म्हणजे आधी करत होती ते मुद्दाम नव्हतं,” ते म्हणाले. “आता करते आहे ते मुद्दाम आहे.”

“हो.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

पुढच्या आठवड्यात ते रिपोर्ट घेऊन शाळेत गेले, या वेळी दुसरं पान वर ठेवून. मिस आधी तयार नव्हत्या. “उद्या सगळेच वर्गात चित्र काढायला लागतील,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचंही चुकीचं नव्हतं. स्पेशल एज्युकेटर मध्ये पडल्या. महिनाभर करून बघू, असं ठरलं. शिकवताना तिने वहीच्या समासात चित्र काढलं तरी चालेल, पेपरचं एकेक पान सुटं द्यायचं, आणि ‘माझ्याकडे बघ’ असं म्हणायचं नाही. शेवटचं मिसना सगळ्यात जड गेलं. मान खाली घालून उत्तर देणारी मुलगी त्यांना उद्धट वाटायची. पण उत्तरं बरोबर यायला लागली तशी त्यांना सवय होत गेली.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. चित्रांच्या नादात पूर्ण तास निघून गेला, असेही दिवस आले. औषधाला तिचे अब्बा बरेच महिने नको म्हणत होते. पाचवीत गेल्यावर अभ्यास वाढला, तेव्हा त्यांनी स्वतःच दुबईच्या डॉक्टरांची वेळ घेतली. औषधाने तिला बसणं सोपं झालं, भूक मात्र कमी झाली. मग भाभी सकाळीच तिला पोटभर खाऊ घालायला लागली. मला त्यांनी पुन्हा शाळेत बसायला सांगितलं नाही, तशी गरजही उरली नव्हती. मी आठवड्यातून दोनदा त्यांच्या घरी जायचे आणि आम्ही दोघी मिळून दप्तर लावायचो. पापण्यांतली फट कधी भरली ते माझ्या लक्षात आलं नाही. एक दिवस पाहिलं तर फट नव्हती, एवढंच.

नंतर नवऱ्याची नोकरी बदलली आणि आम्ही याच देशातल्या अल ऐनला आलो. इथे मी दुसऱ्या एका शाळेत हेच काम करते. सासूबाई आता लोकांना सांगतात, की सून आमची लक्ष न लागणाऱ्या मुलांना शिकवते, फार अवघड काम असतं. ती मुलगी आता आठवीत आहे. अरबीत काठावर पास होते, सायन्समध्ये पुढे असते, आणि तिच्या खोलीबद्दल घरात रोज वाद होतो.

मागच्या महिन्यात भाभीचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, “आत्ताच खालच्या ग्रोसरीत कोथिंबीर आणायला पाठवली होती हिला. आली परत अर्ध्या तासाने. कोथिंबीर नाय. दुकानदाराच्या मांजरीला तीन पिल्लं झालीत, त्यातलं एक आंधळं आहे काय, मग ते आईला कसं ओळखतं, हे सगळं सांगितलं मला.” आणि ती हसायला लागली. मग एकदम थांबून तिने विचारलं, “ताई, आजार आहे म्हणतात, तर मी हसले तर चालतं ना?”

“चालतं की,” मी म्हटलं. “ती हसते का?”

मागून मुलीचा इंग्रजीतला आवाज आला, काय झालं, कुणाला हसताय. भाभीने तिला सांगितलं. मला फोनमधून त्या दोघींचं हसणं ऐकू आलं, आणि मग दार आपटल्याचा आवाज.

“गेली,” भाभी म्हणाली. “कोथिंबीर आणायला. इन्शाल्ला.”